‘दीनबंधु’ ते तरवडी : शेतकऱ्याच्या वर्तमानपत्राची कहाणी

(मांडवगण फराटा येथे शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजच्या बैठकीपुढे दोन विषय आहेत. पहिला उसाच्या हिशेबाचा. त्यावर मघाशी भरपूर बोलणे झाले. दुसरा आपल्या या वार्तापत्राचा. मागच्या बैठकीत एक सूचना आली. अंक तोट्यात चालतो, तेव्हा मागचे पान एखाद्या कारखान्याच्या नाहीतर खत-औषधवाल्यांच्या जाहिरातीला द्यावे आणि वर्षभराच्या काळजीतून मोकळे व्हावे, अशी ती सूचना. सूचना करणारे आपलेच कार्यकर्ते आहेत, त्यांच्या मनात काही काळेबेरे नाही. तोटाही खरा आहे. पण हात वर करण्याआधी मला थोडा वेळ द्या. हा प्रश्न आपल्यालाच आज नव्याने पडला आहे असे नाही. शेतकऱ्याच्या वर्तमानपत्राला तो १८७७ सालापासून पडत आलेला आहे, आणि त्या कहाणीची सुरुवात आपल्या याच पट्ट्यातून होते.

आपण बसलो आहोत तिथून भीमेच्या पलीकडे दौंड आणि घोडीच्या पलीकडे श्रीगोंदा. याच शिरूर तालुक्यात करडे गाव आहे. १८७४ च्या अखेरीला करड्याच्या लोकांनी सावकारावर बहिष्कार टाकला. त्याचे शेत कुणी करायचे नाही, त्याची हजामत कुणी करायची नाही, पाणी कुणी भरायचे नाही. पुढे १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, सुप्याला भडका उडाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. लोकांनी सावकाराच्या वाड्यातून काय बाहेर काढले?  मुख्यतः कर्जरोखे आणि खतावण्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. म्हणजे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आपला गळा कागदाने आवळला जातो हे पक्के ठाऊक होते. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. दंगा हा शब्द मला पटत नाही, पण तो वाद आज नको.

कागद जाळण्याच्या या प्रकाराला दोन वर्षे व्हायची होती, तेवढ्यात पुण्यात एका माणसाने उलटा विचार केला. आपला म्हणून एक कागद काढायचा. कृष्णराव पांडुरंग भालेकर, भांबुर्ड्याचे. भांबुर्डे म्हणजे आजचे शिवाजीनगर. १ जानेवारी १८७७ ला त्यांनी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक सुरू केले. वय सत्तावीसच्या आत-बाहेर. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला होता, जोतीराव फुल्यांचे काम जोरात होते, पण चळवळीच्या हाती वर्तमानपत्र नव्हते. ते भालेकरांनी दिले. एक लक्षात घ्या, टिळक-आगरकरांचा ‘केसरी’ निघाला तो जानेवारी १८८१ मध्ये. म्हणजे शेतकरी-कारागिरांचे वर्तमानपत्र ‘केसरी’पेक्षा चार वर्षांनी थोरले. शाळेच्या पुस्तकात आपल्या पोरांना हे किती ठळकपणे सांगितले जाते ते तुम्हीच तपासा.

वेळ कशी निवडली तीही पहा. १८७६ चा पाऊस गेलेला, दुष्काळ पडलेला, गावेच्या गावे खडी फोडायला निघालेली. आणि सव्वा वर्षाच्या आत, १८७८ च्या मार्चमध्ये, लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या पत्रांचे तोंड बांधणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. फक्त आपल्या भाषेत लिहिणारांना होता.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘दीनबंधु’ ज्यांच्यासाठी होता त्यांना वाचता येत नव्हते. गावात एखादा वाचणारा, त्याने पारावर बसून वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. एका अंकाला ऐकणारे पुष्कळ आणि वर्गणी भरणारा एक, तोसुद्धा भरलीच तर. ऐकणारा माणूस पत्राचा भोक्ता असतो, पण छापखान्याच्या हिशेबात त्याची नोंद नसते. भालेकरांनी पदरमोड करून तीनेक वर्षे रेटले आणि १८८० साली पुण्याचा ‘दीनबंधु’ बंद पडला. जोतीरावांशी भालेकरांचे सगळ्याच बाबतीत पटत होते असेही नाही. मोठ्या माणसांच्या चळवळीतसुद्धा हे असते. आपल्याकडे दोन तालुक्यांचे दोन कार्यकर्ते महिनाभर बोलत नाहीत म्हणून मला जे फोन येतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पत्र मेले नाही, मुंबईला गेले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते १८८० मध्येच हाती घेतले. लोखंड्यांचे मूळ गाव कन्हेरसर, आपल्या पुणे जिल्ह्यातलेच. गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी होती, ती सोडून ते संपादक झाले. पाठीशी मुंबईचे सत्यशोधक उभे राहिले. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार ही तेलुगू मंडळी, बांधकामाची कंत्राटे घेणारी, हाताशी पैसा असलेली. मराठी शेतकऱ्याचे वर्तमानपत्र तेलुगू माणसांच्या आधाराने तगले. पुढे पत्राचा खप वाढला. १८८४ च्या सुमारास आठवड्याला सोळाशेच्या घरात प्रती जात. त्या काळात हा आकडा लहान नाही.

पण पत्र मुंबईला गेले की मुंबईचे होते. लोखंड्यांनी गिरणी कामगारांचा प्रश्न हाती घेतला. १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार. यातली रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली. आज शहरातला जो-जो माणूस रविवारी पाय पसरून झोपतो, त्याने या माणसाचे आभार मानावेत. शेतकऱ्याला अजून रविवार नाही, ते सोडा. लोखंड्यांना मी दोष देत नाही. गिरणीतला कामगार हा जुन्नर-खेडचा, साताऱ्या-रत्नागिरीचा कर्जाने बाहेर ढकललेला शेतकरीच होता. १८९७ साली प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता ते गेले. अशा माणसाबद्दल हलके बोलायची माझी छाती नाही.

आणि तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आजच्या आपल्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधणारा आपल्या भाषेतला तो पहिला भक्कम ग्रंथ. शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली, पण तिथे कुणी आम्हाला तो वाचायला सांगितला नाही. पुढे वाचला तेव्हा कळले, की पाणी अडवण्यापासून जनावरांच्या पैदाशीपर्यंत सगळे त्यात आहे. तर या ‘असुडा’ची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’ने छापली आणि पुढची छापायचे थांबवले. शेतकऱ्याच्या पत्राने शेतकऱ्याचा ग्रंथ अर्ध्यावर सोडला! लिखाण जहाल होते, भटशाहीवर होते तसेच गोऱ्या अंमलदारांवरही होते. जोतीरावांना त्याचा राग आला आणि तो त्यांनी लपवून ठेवला नाही.

लोखंडे भित्रे होते काय? गिरणीमालकांसमोर उभा राहणारा माणूस भित्रा कसा म्हणायचा? जरा मागचे वर्ष बघा. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना अब्रुनुकसानीखाली शिक्षा झाली, एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात. खटल्याच्या वेळी त्यांना दहा हजारांचा जामीन कोण राहिले? सत्यशोधक रामशेठ बापूशेठ उरवणे, जोतीरावांच्या सांगण्यावरून. ‘केसरी’वाल्यांशी एवढे हाडवैर असताना! ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण हल्ली विरोधकाच्या घरी चहा घेतला तरी माणूस फुटला म्हणतात. तर अशा दिवसांत, छापखाना दुसऱ्यांच्या पैशावर उभा, ते दुसरे सरकारी कंत्राटांच्या दुनियेत वावरणारे, आणि हाती जहाल मजकूर. संपादकाची लेखणी कचरली. त्यांना कुणी धमकी दिली असे मी म्हणत नाही. धमकी द्यावीच लागत नाही. ज्याच्या पैशावर पान छापले जाते तो खोलीत नसला तरी लिहिणाऱ्याला दिसत असतो.

जोतीराव मात्र थांबले नाहीत. ‘असूड’ त्यांनी हाती घेऊन गावोगाव वाचून दाखवला. मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वांगणी. बडोद्याला सयाजीराव महाराजांपुढे वाचला. छापखान्याने नाकारलेले तोंडाने सांगितले. आपली ही बैठकीत अंक मोठ्याने वाचायची रीत आहे ना, तिचा वंश तिथपर्यंत जातो.

‘दीनबंधु’ची आणखी एक गोष्ट माझ्या मायबहिणींसाठी. लोखंड्यांच्या मागे पत्र अडखळले. पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी ते पुन्हा उभे केले, आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी १९०६ पासून १९१२ पर्यंत चालवले. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शेजारात वाढलेली ही मुलगी. भारतातल्या पहिल्या स्त्री-संपादकांत त्यांचे नाव घेतले जाते. नवरा गेलेली बाई त्या काळी घराच्या उंबऱ्याबाहेर दिसत नसे, आणि ही बाई अग्रलेख लिहिते, मजकूर जुळवून घेते, वर्गणी मागते. आपल्या अंकाच्या बातमीदारांची यादी मी काल पुन्हा पाहिली. त्यात एकही बाई नाही. कांद्याची काढणी, निवड, चाळीत भरणे हे कुणाच्या हातून होते? कांदा सडतो कुठून हे कुणाला आधी कळते? यादी सुधारायला पाहिजे.

आता घोड ओलांडून चला, तेव्हाच्या अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. नेवासे तालुक्यात तरवडी म्हणून गाव आहे. तिथल्या गणपतराव पाटलांनी १८८८ साली ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले होते. गणपतराव लवकर वारले आणि मासिक थांबले. त्यांना दत्तक गेलेला मुलगा म्हणजे मुकुंदराव पाटील, आणि हे मुकुंदराव कुणाचे पोटचे पोर? ‘दीनबंधु’ काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे. एका बापाचे वर्तमानपत्र पैशापायी हातचे गेलेले, दुसऱ्या बापाचे मरणाने थांबलेले. भालेकर १९१० साली वारले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुकुंदरावांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक म्हणून सुरू केले. पुण्याहून नाही, मुंबईहून नाही, सोमठाणे या खेड्यातून. नंतर छापखाना तरवडीला आणला.

खेड्यात छापखाना म्हणजे काय, ते संगणकावर अंक जुळवणाऱ्या आपल्या पोरांना सांगायला हवे. शिशाचे खिळे. एकेक अक्षर, एकेक काना, वेलांटी हाताने उचलून उलट्या क्रमाने ओळीत बसवायची. पान छापून झाले की सगळे खिळे सुटे करून पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचे. जोडाक्षरांचा खिळा हरवला की शब्दच बदलावा लागायचा. कागद शहरातून आणायचा, शाई शहरातून, आणि अंक टपालाने जायचा. आठवडा चुकला की ग्राहक तुटला. हा उद्योग एका खेडेगावातून, वीज नसताना, सत्तावन्न वर्षे चालला. १९६७ साली मुकुंदराव गेले तोवर. खेड्यातून निघून इतकी वर्षे चाललेले असे दुसरे साप्ताहिक मला माहीत नाही.

का चालले? माझे मत सांगतो. एक तर छापखाना स्वतःचा होता आणि पायाखाली स्वतःची जमीन होती. मुकुंदरावांना कुणा शेठची मर्जी राखायची नव्हती. उलट त्यांनी सावकारावर ‘शेटजी प्रताप’ लिहिले आणि गावच्या दप्तराचा मालक होऊन बसलेल्या कुळकर्ण्यावर ‘कुळकर्णी लीलामृत’. पोथीच्या थाटात लिहिलेले! लोकांना पोथी ऐकायची सवय, म्हणून टीकाही पोथीच्या चालीत. कुळकर्णी कसा फेरफार करतो, सही कुठे घेतो, हे ऐकून लोक हसायचे आणि हसता हसता शहाणे व्हायचे. आपण ‘रिकव्हरीतील तफावत आणि तोडणी-वाहतूक वजावटीचे विश्लेषण’ असा मथळा देतो आणि मग विचारतो, अंक कुणी वाचत का नाही!

दुसरे म्हणजे संपादक गावातच राहत होता. चुकीचे छापले तर दुसऱ्या दिवशी पारावर जाब द्यावा लागे. पुण्या-मुंबईच्या संपादकाला तो जाब नसतो. गावातले पत्र त्यामुळे सांभाळून लिहिते असे कुणाला वाटेल. मुकुंदरावांनी तसे केले नाही, पण खोटे लिहायची सोय मात्र त्यांना नव्हती.

उणे एवढेच, की सगळा भार एका माणसावर होता. तो गेला आणि पत्र गेले. वाचक होते, विषय होते, छापखाना होता. खांदा बदलणारा नव्हता.

यानंतरची उडी थेट चाकणला. १९७९ च्या अखेरीस शरद जोशींनी तिथून ‘वारकरी’ साप्ताहिक सुरू केले, आणि १९८० साली चाकणचे कांदा आंदोलन पेटले. क्रम पहा, आधी पत्र आणि मग रस्त्यावर माणसे. उत्पादनखर्च म्हणजे काय, तो कसा मांडायचा, हे आधी कागदावर आले, मग लोकांच्या तोंडी आले. पुढच्या काळात शेतीला वाहिलेली दैनिकेसुद्धा निघाली. ‘अॅग्रोवन’ २००५ सालचा. बाजारभाव रोज सकाळी मिळू लागले, चांगली गोष्ट झाली.

मग कुणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळे येते, तुमचे आठ पानी वार्तापत्र हवे कशाला? २०२४ चा फेब्रुवारी आठवा. डिसेंबर २०२३ पासून कांदा निर्यातबंदी होती. एका दिवसात बातमी फिरली, निर्यातबंदी उठली. लासलगावला भाव चढले. इथेसुद्धा लोकांनी रातोरात गोण्या भरल्या. दोन दिवसांत सरकारने सांगितले, बंदी आहे तशीच आहे, ३१ मार्चपर्यंत. ती पुढे वाढली आणि मे महिन्यात उठली. त्या दोन दिवसांत कुणाचे किती गेले याचा हिशेब कुणी मांडला? आलेला निरोप पुढे ढकलणाऱ्याला जाब नसतो. छापलेल्या कागदाखाली संपादकाचे नाव असते.

आता जाहिरातीचे. कारखान्याची जाहिरात घेतली, की वजनकाट्यावरची बातमी कुठल्या पानावर जाणार? २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये हा दर ठरवला. उतारा पाव टक्क्याने इकडेतिकडे झाला तर टनामागे काय फरक पडतो हे आपण तक्ता करून छापतो. ज्याचे जाहिरातीचे पैसे अंकाच्या गल्ल्यात पडलेले आहेत, त्याच्याच उताऱ्याचा तक्ता छापताना आपला हात कचरणार नाही, असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? लोखंड्यांसारख्या माणसाचा कचरला.

आणि औषधवाल्यांचे म्हणाल, तर मी शेतकीचा पदवीधर आहे. कांडी लांब करतो, फुटवे दुप्पट करतो म्हणून ज्या बाटल्या गावोगाव विकल्या जातात, त्यांतल्या कित्येकांच्या लेबलवर आत काय आहे हेसुद्धा धड लिहिलेले नसते. समोरच्या पानावर मी माती परीक्षण करून खत द्या म्हणून लिहायचे आणि मागच्या पानावर बाटली नाचणार! माझ्याने ते व्हायचे नाही. बियाण्याची रोपवाटिका, गावचे अवजार दुरुस्तीचे दुकान, कुणाची जोडी विकायची, कुणाला कडबा हवा, असल्या चार ओळींच्या जाहिराती जरूर घ्याव्यात. त्याने कुणाची भीड पडत नाही.

तोटा कसा भरायचा, हा प्रश्न उरतोच. आपली वर्षाची वर्गणी युरियाच्या एका गोणीएवढी नाही. गोणीला २६६ रुपये ५० पैसे मोजतो, आणि बऱ्याचदा वर लिंकिंगचे नको असलेले खतही गळ्यात घेतो. तरी वर्गणी थकते. मी यादी घेऊन बसलो तेव्हा दिसले, की थकलेल्यांत कार्यकर्त्यांचीच नावे जास्त. ज्या गावात अंक मोठ्याने वाचला जातो तिथे ऐकणारे भरपूर आणि वर्गणीदार एकच, अशी स्थिती आजही आहे. भालेकरांच्या वेळचाच पेच. म्हणून मी जाहिरातीच्या सूचनेला उपसूचना मांडतो. एकेकट्याची वर्गणी न मागता गावाची वर्गणी मागावी. जिथे अंक वाचला जातो त्या पाराने, त्या सोसायटीच्या ओट्याने, त्या बचतगटाने मिळून गावाचा वाटा भरावा. नाव गावाचे लागेल. थकले तर गावाचे नाव अंकात छापू. आमच्या मांडवगणचे थकले तर आधी मांडवगणचे.

संपादनाचेही एका माणसावर ठेवू नये. दर चार महिन्यांनी अंक दुसऱ्या गटाने काढावा. एक शिरूरचा, एक दौंडचा, एक बायकांचा. चुका होतील, मथळे वाकडे येतील. येऊ देत.

मतदान आता घ्यायचे आहे. जाहिरातीची सूचना आणि ही उपसूचना, दोन्ही अध्यक्ष वाचून दाखवतील. ज्यांना अजून शंका आहे त्यांनी बसल्या जागेवरून विचाराव्यात. पुढच्या अंकाचा मजकूर येत्या अमावस्येच्या आत पोचला पाहिजे. त्यात दोन गोष्टी मला हव्या आहेत. एक, रात्रपाळीच्या विजेवर दारे धरताना बिबट्या दिसला अशा वेळा आणि जागा, गावनिहाय, खऱ्या, ऐकीव नकोत. दुसरे, उसाच्या वजनाच्या पावत्यांच्या नकला, ज्यांच्याकडे असतील त्यांच्या. नावे छापणार नाही, पण मूळ पावती मला पाहायला मिळाली पाहिजे.